सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप: आधी काय बंद करायचं, घडल्यावर काय करायचं

आमची सोसायटी ८४ फ्लॅटची. एका मंगळवारी दुपारी खजिनदारांचं व्हॉट्सॲप कुणीतरी पळवलं. त्यांच्या नावाने "तातडीने १५,००० पाठवा, संध्याकाळी देतो" असे मेसेज गेले आणि तिघांनी पैसे पाठवले. त्याच रात्री कमिटीने फर्मान काढलं: आजपासून ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहितील. तीन आठवड्यांत बी विंगच्या मंडळींनी स्वतःचा वेगळा ग्रुप काढला. त्याचा ॲडमिन कोण हे धड कुणालाच माहीत नव्हतं, लिंक मात्र लिफ्टमध्ये चिकटवलेली. दुसरी फसवणूक झाली ती त्या ग्रुपवर.

बैल गेला नि झोपा केला, ही पहिली चूक. मग दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकत बसलो, ही दुसरी. नंतर आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्यांचे ग्रुप लावून द्यायला गेलो, तिथेही याच दोन चुका दिसल्या. काही ठिकाणी आधी काहीच केलेलं नसतं. काही ठिकाणी इतकं बंद केलेलं असतं की माणसं दुसरीकडे निघून जातात आणि तिथे काय चाललंय ते कमिटीला कळत नाही.

खालचं काम एका रविवारी सकाळी दोन तासांत होतं. क्रम बदलू नका. बहुतेक लोक टप्पा ३ पासून सुरू करतात, कारण सेटिंग्ज बदलणं सोपं असतं.

## बसण्याआधीची तयारी

हे हाताशी नसेल तर रविवार पुढे ढकला:

- सगळे ॲडमिन प्रत्यक्ष हजर, आपापल्या फोनसह. फोनवरून समजावून हे काम होत नाही.
- फ्लॅटनिहाय नाव-नंबर यादी, कागदावर. मालक आणि भाडेकरू वेगवेगळे लिहिलेले. ग्रुप हातातून गेला तर लोकांपर्यंत पोहोचायला हा कागदच उरतो.
- सोसायटीचे चालू ग्रुप किती, याची खरी मोजणी. कमिटीचा, नोटिशींचा, गप्पांचा, गणपतीचा, पार्किंगचा, महिला मंडळाचा. आमच्याकडे "दोन" म्हणता म्हणता सात निघाले.
- एक जाड कार्ड आणि पेन. टप्पा ५ यावर उतरवायचा आहे.

## टप्पा १: धोके दोन रकान्यांत मांडा

कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे "आधी", उजवीकडे "नंतर". ग्रुपवर जे जे वाईट घडू शकतं ते एकेक करून कुठल्या रकान्यात जातं ते ठरवा. कसोटी एकच: घडून गेल्यावर ते परत पूर्ववत करता येतं का?

पैसे गेले की परत मिळणं अवघड. आधारकार्डाचा फोटो दीडशे फोनवर उतरला की तो परत गोळा करता येत नाही. "आम्ही शनिवारपासून दहा दिवस गावाला" हा मेसेज अनोळखी माणसाने वाचला की वाचला. हे सगळं "आधी"मध्ये.

रात्री बाराला गुड नाइटचे फोटो, साड्यांच्या सेलची जाहिरात, पार्किंगवरून तू-तू मैं-मैं, राजकारण. यांचा त्रास होतो, पण मेसेज काढता येतो, माणसाला समजावता येतं. हे "नंतर"मध्ये. यासाठी आधीच कुलूप लावलंत तर ग्रुप मरतो.

अफवा दोन्हीकडे मोडते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त चॅटना फॉरवर्ड करण्यावर बंधन आणलं. त्यामुळे "संशयित माणूस गेटपाशी फिरतोय" छापाच्या मेसेजबद्दल आधी एक नियम हवा (फोटोसह कुणाला चोर म्हणायचं नाही, वॉचमन किंवा ११२ ला कळवायचं) आणि नंतरची तयारीही हवी.

नेहमीची चूक: मागच्या महिन्यात जे घडलं तेच कागदाच्या शेंड्यावर लिहिलं जातं. भांडण ताजं असेल तर सगळी यादी भांडणांचीच होते आणि पैशांचा धोका तळाला जातो.

तपासा: "आधी"मध्ये सात-आठपेक्षा जास्त गोष्टी झाल्या असतील तर कसोटी सैल लावली आहे. पुन्हा बघा.

## टप्पा २: आधी ॲडमिनचे फोन, मग ग्रुप

घराला दहा कुलपं लावली पण किल्ली पायपुसण्याखाली ठेवली, तर उपयोग काय? ग्रुपची किल्ली ॲडमिनच्या फोनमध्ये असते. ॲडमिनचं अकाउंट पळवलेला माणूस बाकीच्या ॲडमिनना काढून टाकू शकतो, ग्रुपचं नाव बदलू शकतो, हव्या त्याला आत घेऊ शकतो.

अकाउंट दोन वाटांनी जातं आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली वाट सहा अंकी कोडची. चोर स्वतःच्या फोनवर तुमचा नंबर टाकतो, कोड तुमच्याकडे एसएमएसने येतो. मग आधीच हाती लागलेल्या ओळखीच्या अकाउंटवरून मेसेज येतो: "काकू, माझा एक कोड चुकून तुमच्याकडे गेलाय, पाठवता का?" काकू पाठवतात.

दुसरी वाट लिंक्ड डिव्हाइसची, म्हणजे तुमच्याच अकाउंटला जोडलेल्या दुसऱ्या फोनची किंवा कॉम्प्युटरची. फोटो बघायच्या किंवा कुणाच्या तरी लेकीला स्पर्धेत मत देण्याच्या बहाण्याने एका पानावर नंबर टाकायला लावतात आणि मिळालेला आठ अक्षरी कोड व्हॉट्सॲपमध्ये घालायला सांगतात. यात तुमचं व्हॉट्सॲप चालूच राहतं, त्यामुळे पत्ताच लागत नाही. चोर मात्र बाजूला बसून मेसेज वाचत असतो.

प्रत्येक ॲडमिनने आपल्या फोनवर, या क्रमाने:

1. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा अंकी पिन लावा. कोड चुकून सांगितला गेला तरी पिन माहीत नसलेला चोर दारातच अडकतो.
2. तिथेच ईमेल द्या. लोक ही पायरी गाळतात, मग स्वतःच पिन विसरतात आणि सात दिवस बाहेर बसतात.
3. लिंक्ड डिव्हाइसेस उघडा. ओळखीचं नाही ते लॉग आउट करा. ऑफिसचा जुना कॉम्प्युटर, मुलाचा लॅपटॉप, सायबर कॅफेत एकदा उघडलेलं वेब, सगळं जाऊ दे.
4. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग बंद आहे ना ते बघा. कुरिअरवाला असल्याची बतावणी करून २१ किंवा ४०१ ने सुरू होणारा क्रमांक डायल करायला लावतात. त्याने तुमचे कॉल चोराकडे वळतात आणि फोन कॉलवरून येणारा कोडही त्याच्याकडे जातो. ##००२# डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

आता ॲडमिनची संख्या. तीन किंवा चार पुरे. एकच असेल तर तो विमानात असताना ग्रुप अनाथ असतो. बारा असतील तर बारा किल्ल्या फिरत असतात. इथे खरी अडचण तांत्रिक नसतेच, मानापमानाची असते. माजी चेअरमन ॲडमिन असतात कारण त्यांना काढलं तर वाईट वाटेल. मी सुचवतो ते असं: ॲडमिनपद हे पदाधिकाऱ्यांसोबत बदलतं, असा ठराव कमिटीत करून इतिवृत्तात लिहा. मग कुणी कुणाला काढत नाही, ठराव काढतो.

धोका: ग्रुप ज्याने मुळात तयार केला त्याला बाकीचे ॲडमिन काढू शकत नाहीत. ग्रुप कुणी तयार केला हे ग्रुप इन्फोमध्ये दिसतं. तो माणूस फ्लॅट विकून गेला असेल, तर त्याला विनंती करून बाहेर पडायला सांगा. इथेच राहत असेल, तर त्याच्या फोनवर वरच्या चारही पायऱ्या सगळ्यात आधी करा.

तपासा: प्रत्येकाने पिन लावला असं *म्हटलं*, की स्क्रीन *दाखवली*? दाखवू द्या. आमच्याकडे चारपैकी दोघांनी "लावलाय की" म्हटलं होतं, तो फोन उघडायचा पिन निघाला.

## टप्पा ३: दारं

सेटिंग्जचा टप्पा. पटकन उरकतो.

1. दोन ग्रुप वेगळे करा. नोटिशींचा, जिथे फक्त ॲडमिन लिहितात. आणि गप्पांचा, जिथे सगळे लिहितात. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटी या सोयीत घोषणांचा ग्रुप आपोआप मिळतो, तो वापरला तरी चालेल. गप्पांच्या ग्रुपला कुलूप लावू नका.
2. नवीन सदस्यांना ॲडमिनची मंजुरी हे सेटिंग चालू करा. सदस्यांनी परस्पर कुणाला आत घेणं बंद करा.
3. जुनी लिंक रिसेट करा. ती कुठे कुठे फिरली आहे ते तुम्हाला माहीत नसतं. नवी लिंक लिफ्टमध्ये, गेटवर, ब्रोकरकडे ठेवायची नाही.
4. ग्रुपचं नाव, फोटो, माहिती बदलायचा अधिकार फक्त ॲडमिनकडे.
5. यादी जुळवा. कागद समोर ठेवून एकेक नंबर. भाडं सोडून गेलेले, फ्लॅट विकलेले, रंगकामाच्या वेळी आत घेतलेला कंत्राटदार, कुणीच ओळखत नाही असे. आम्ही ८४ फ्लॅटच्या ग्रुपमध्ये १९ जण बाहेर काढले, त्यातले दोन ब्रोकर.

काढण्याआधी प्रत्येकाला साधा कॉल करा. परदेशी नंबर दिसला म्हणून उडवू नका, तो सी-३०४ मधल्या आजींचा न्यू जर्सीतला मुलगा असतो आणि मेंटेनन्स तोच भरतो.

नेहमीची चूक: मंजुरी चालू करतात, पण विनंती कुणी तपासायची ते ठरवत नाहीत. मग ॲडमिन डोळे मिटून मंजूर करत सुटतात. नियम साधा ठेवा: फ्लॅट नंबर विचारायचा, त्या फ्लॅटच्या नोंदीतल्या नंबरवर कॉल करून खात्री करायची, मग मंजुरी.

## टप्पा ४: सदस्यांच्या तीन सवयी आणि कमिटीची एक

लांबलचक सूचना कुणी वाचत नाही. तीनच गोष्टी, नोटिशींच्या ग्रुपवर पिन करून आणि लिफ्टमध्ये मोठ्या अक्षरात:

> कोड कुणालाही सांगायचा नाही, ओळखीच्याने मागितला तरी.
> पैसे कुणी मेसेजवर मागितले तर आधी त्याला साधा कॉल करायचा, व्हॉट्सॲप कॉल नाही.
> फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर हात लावायचा नाही.

तिसऱ्यासाठी शब्दांवर अवलंबून राहू नका, स्विच बंद करा. आरटीओचं चलन, लग्नपत्रिका, बँकेचे रिवॉर्ड पॉइंट, पीएम किसानची यादी, असल्या नावांच्या एपीके फाइलमधून (अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल) ॲप येतं आणि एकदा बसलं की एसएमएस वाचून ओटीपी बाहेर पाठवतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये "इन्स्टॉल अननोन ॲप्स" शोधा, त्यात व्हॉट्सॲपपुढची परवानगी बंद करा. सोबत व्हॉट्सॲपच्या स्टोरेज अँड डेटामध्ये वाय-फायवर डॉक्युमेंट आपोआप उतरणं बंद करा. ज्येष्ठांच्या फोनवर हे करायला कॉलेजातली मुलं घरोघर पाठवा. एका फोनला दोन मिनिटं लागतात, चहा धरून पंधरा.

आता कमिटीची सवय. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच कुणी करत नाही.

लोक फसतात कारण आपणच त्यांना तसं शिकवलेलं असतं. खजिनदार दर तीन महिन्यांनी ग्रुपवर क्यूआर कोड टाकतात, "आजच्या आज भरा, नाहीतर दंड." सेक्रेटरी एखादा फॉर्म टाकतात, त्यात नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर. मॅनेजर घरकामाच्या ताईंच्या आधारकार्डाचे फोटो ग्रुपवर मागतो. वर्षभर हे बघितलेल्या माणसाला चोराने घाईचा सूर लावून क्यूआर कोड पाठवला, तर त्यात वेगळं काय दिसणार?

म्हणून कमिटीने लेखी ठरवायचं:

- सोसायटीचं खातं आणि क्यूआर कोड फक्त बिलावर आणि नोटीस बोर्डावर. ग्रुपवर कधीच नाही. बँक बदलली तर छापील नोटीस.
- कुठलाही पदाधिकारी कुणाही सदस्याकडे व्हॉट्सॲपवर वैयक्तिक पैसे मागणार नाही. हे वाक्य वार्षिक सभेत मोठ्याने वाचून दाखवा.
- ओळखपत्रं ऑफिसात प्रत्यक्ष दाखवायची. प्रत हवीच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार.
- गेटचा कोड, कोण कधी गावाला गेलंय, मुलांच्या बसची वेळ, या गोष्टी ग्रुपवर नाहीत.

तपासा: मागच्या सहा महिन्यांतले कमिटीचे मेसेज वर सरकवून वाचा. चोराने लिहिल्यासारखे किती वाटतात?

## टप्पा ५: घडल्यावरचं कार्ड

इथवर "आधी"चं झालं. हे सगळं करूनही एक दिवस काहीतरी होणार आहे. त्या दिवशी विचार करायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच, शांतपणे, कार्डावर लिहा. कार्डाच्या डोक्यावर दोन नावं आणि नंबर: पहिला माणूस आणि तो नसेल तर दुसरा. "कमिटी बघेल" असं लिहिलंत तर कुणीच बघत नाही.

### अकाउंट पळवलं गेलं तर

1. साधा कॉल. ज्याच्या नावाने मेसेज आला त्याला. ग्रुपवर "अहो, हे तुम्हीच ना?" विचारू नका. उत्तर चोरच देतो, आणि हो म्हणतो.
2. स्क्रीनशॉट. मेसेज, वेळ, तारीख, नंबर, यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक दिसेल असे.
3. ॲडमिनपद काढा, मग ग्रुपमधून काढा. सोसायटीच्या सगळ्याच ग्रुपमधून. मगाशी सात मोजले ते यासाठी.
4. तयार मेसेज टाका, नोटिशींच्या आणि गप्पांच्या दोन्ही ग्रुपवर:

> सावधान. फ्लॅट ___ चे ___ यांचं व्हॉट्सॲप सध्या त्यांच्या ताब्यात नाही. त्यांच्या नावाने आलेल्या मेसेजला उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका, कोड सांगू नका. पैसे गेले असतील तर आत्ता १९३० ला फोन करा, मग मला साधा कॉल करा. (नाव, फ्लॅट, वेळ)

5. पैसे गेलेल्यांना १९३० वर बसवा. ही राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइन. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ, आपली बँक हाताशी ठेवा. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम वाटेत कुठल्यातरी खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सोबत बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक, वेळ लिहून ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर सविस्तर तक्रार. "संध्याकाळी पोलीस चौकीत जाऊ" म्हणून दुपार घालवू नका.
6. अकाउंट परत मिळवा. आधी एकच प्रश्न विचारा: मालकाच्या फोनवर व्हॉट्सॲप चालू आहे का?
   - *चालू आहे:* लिंक्ड डिव्हाइसेसमधून अनोळखी साधन लॉग आउट करा, पिन बदला.
   - *बाहेर फेकलं गेलंय:* आधी ##००२# डायल करा. मग व्हॉट्सॲपमध्ये आपला नंबर टाकून एसएमएसने आलेला कोड घाला. त्या क्षणी चोर बाहेर पडतो. पुढे अनोळखी पिन मागितला तर तो चोराने लावलेला आहे. सात दिवस थांबावं लागेल, पण तेवढे दिवस अकाउंट चोराकडेही नसतं.
7. परत घेणं. माणूस समोर येऊन फोन दाखवेल तेव्हाच. ॲडमिनपद लगेच देऊ नका.

नेहमीच्या चुका: ३ नंबर २ च्या आधी करणं किंवा घाईत सगळं डिलीट करून पुरावा घालवणं, ही पहिली. कोड येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा मागवणं ही दुसरी. त्याने प्रतीक्षेचा वेळ वाढत जातो. तिसरी चूक सगळ्यात घातक: "इतके शिकलेले असून फसले कसे?" असा एक मेसेज. तो वाचला की पैसे गेलेला चौथा माणूस गप्प बसतो आणि १९३० ला फोन करत नाही. आमच्या सोसायटीत एक काका चार दिवसांनी बोलले. कार्डावर एक ओळ लिहूनच टाका: आज कुणाला बोल लावायचा नाही.

### एपीके फाइल आली तर

ज्याने पाठवली त्याने बहुधा पाठवलेलीच नसते, त्याच्या फोनमधल्या ॲपने परस्पर सगळ्या ग्रुपवर टाकलेली असते. स्क्रीनशॉट घ्या, ॲडमिनने मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा, आणि लक्षात ठेवा की आधीच उतरवलेली फाइल त्याने पुसली जाईलच असं नाही. म्हणून "कुणी उघडली का?" हे विचारावंच लागतं.

कुणी उघडून इन्स्टॉल केली असेल, तर त्या माणसाने:

1. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद.
2. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय बंद करायला सांगा.
3. पैसे गेले असतील तर १९३०.
4. स्क्रीनवरच्या संशयास्पद ॲपचा आणि आलेल्या मेसेजचा फोटो दुसऱ्या फोनने काढा.
5. त्यानंतर ॲप काढा. ॲप निघत नसेल किंवा दिसतच नसेल, तर फॅक्टरी रिसेट.
6. पासवर्ड दुसऱ्या साधनावरून बदला. त्याच फोनवरून बदललेला पासवर्ड चोरालाही कळू शकतो.

लोक ५ पासून सुरू करतात. ॲप काढलं की संकट टळलं असं वाटतं, तोवर ओटीपी जाऊन तास झालेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, अशी वाटणी आहे. म्हणून २ नंबर वर आहे.

### अफवा किंवा कुणावर आरोप

मेसेज काढा, त्याखाली दोन ओळींत लिहा की का काढला आणि खरं काय ते कळलं असेल तर तेही. पाठवणाऱ्याला खाजगीत "तुम्हाला कुठून आला?" एवढंच विचारा. गेटवरच्या माणसाबद्दल असेल तर ११२ किंवा वॉचमन. पुढची चर्चा गप्पांच्या ग्रुपवर होऊ देत.

इथे एक भीती काढून टाकतो. "ग्रुपवर कुणी काही लिहिलं तर ॲडमिनला अटक होते" या समजापोटी अनेक सेक्रेटरी ग्रुप बंदच ठेवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्यासोबत समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल, तर त्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. बघून न बघितल्यासारखं करा असा याचा अर्थ कृपया काढू नका, पण भीतीने कुलूप लावायचंही कारण नाही.

## टप्पा ६: आठव्या दिवशीची बैठक

घटनेच्या रात्री नियम करू नका. त्या रात्री फक्त कार्ड पाळा. गप्पांचा ग्रुप तात्पुरता बंद करावाच लागला तर मेसेजमध्येच लिहा: "उद्या संध्याकाळी सहाला उघडेल." आणि सहाला उघडा. मुदत न लिहिलेलं तात्पुरतं बंधन कायमचं होतं. आमचं "दोन दिवसांचं" कुलूप पाच महिने टिकलं होतं.

आठव्या दिवशी ॲडमिन आणि ज्याच्यावर प्रसंग आला तो माणूस, एवढेच अर्धा तास बसा. टप्पा १ चा कागद समोर घ्या आणि तीन प्रश्न:

1. हे "नंतर"मधून "आधी"मध्ये न्यायचं का? पुन्हा तीच कसोटी: पूर्ववत करता आलं का?
2. कार्डावरची कुठली पायरी अडली? नंबर लागला नाही, दुसरा माणूस गावाला होता, ग्रुप तयार करणारा भलताच निघाला.
3. एक नवं बंधन घालत असाल, तर कुठलं जुनं काढताय?

तिसऱ्या प्रश्नावर लोक हसतात, पण आग्रह धरा. आम्ही कोडची घटना झाल्यावर ॲडमिनच्या पिनची दर तिमाहीची तपासणी वाढवली आणि "फोटो टाकायला बंदी" काढली. त्या बंदीने कुणाचं काही वाचत नव्हतं, फक्त गणपतीचे फोटो दुसऱ्या ग्रुपवर जात होते आणि त्यांच्यामागून माणसंही.

धोका: सलग दोनदा बैठकीत फक्त बंधनं वाढली असतील, तर बी विंगसारखा ग्रुप आधीच निघाला आहे का ते विचारून बघा. निघाला असेल तर तो बंद पाडायला जाऊ नका. त्यांच्यातला एक जण ॲडमिनच्या चौघांत घ्या आणि त्या ग्रुपवर टप्पा २ आणि ३ करा.

## टप्पा ७: तिमाही वीस मिनिटं

मेंटेनन्सची बिलं निघतात त्याच आठवड्यात:

- सगळ्या ॲडमिनचे लिंक्ड डिव्हाइसेस, प्रत्यक्ष स्क्रीन बघून.
- भाडेकरूंची यादी ग्रुपशी जुळवणं.
- कार्डावरच्या दोन्ही नंबरना कॉल. लागतो का, उचलतात का.

वर्षातून दोनदा एक छोटी परीक्षा घ्या. कमिटीला आधी सांगून, एका ॲडमिनने नव्या नंबरवरून आठ-दहा सदस्यांना "हा माझा नवा नंबर, सेव्ह करा, एक काम होतं" एवढाच मेसेज टाकायचा. पैसे किंवा कोड मागायचा नाही. किती जण जुन्या नंबरवर साधा कॉल करून विचारतात ते मोजा. पहिल्या वेळी आमच्याकडे दहापैकी दोघांनी केला, पुढच्या वेळी सहांनी. ज्यांनी केला नाही त्यांची नावं ग्रुपवर नाही, बैठकीतही नाही. त्यांच्या घरी जाऊन "इन्स्टॉल अननोन ॲप्स"चा स्विच तेवढा बघून या.

कार्डाच्या दोन प्रती करा. एक वॉचमनच्या केबिनमध्ये, एक सेक्रेटरीच्या घरी फ्रिजवर. मागे तारीख लिहा आणि पदाधिकारी बदलले की नवं कार्ड करून जुनं फाडा. आमच्या केबिनमध्ये परवापर्यंत माजी चेअरमनांचा नंबर होता आणि ते गेल्या दिवाळीपासून नाशिकला राहतात.